स्कोअररबाई आणि दोन प्रफुल्ल

शेवंती कदमचं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मुंगीने शाईत पाय बुडवून कागदावर फेरफटका मारावा, तसं. पण त्याच अक्षरात लिहिलेला स्कोअर गेल्या बावीस वर्षांत कुणाच्या बापाला खोडता आलेला नाही. डोंबिवलीच्या पलीकडे खाडीच्या अंगाला जी आगरी गावं आहेत, तिथल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या मंडपात तिची खुर्ची ठरलेली. आयोजक बदलले, अंपायर बदलले, भातकापणीनंतर ज्या शेतांत पिच व्हायचं तिथे टॉवर उभे राहिले आणि मैदान आणखी आत सरकलं. खुर्चीतली बाई मात्र तीच.

आता संगमेश्वरकडच्या एका वाडीतून लग्न होऊन ठाकुर्लीत आलेली बाई आगऱ्यांच्या क्रिकेटमध्ये शिरली कशी? तर नवऱ्याच्या डब्यामुळे. संदेश कदम तेव्हाही अंपायरिंग करायचा. रविवारी दुपारी ती त्याचा डबा घेऊन मैदानावर गेली आणि नेमकं त्या दिवशी स्कोअररचं पोट बिघडलेलं. संदेश म्हणाला, दोन ओव्हर वही धर, तोवर कुणीतरी मिळेल. कुणी मिळालं नाही. कुणी शोधलंच नाही म्हणा ना! संध्याकाळी एक दांडगा बॅट्समन मंडपात येऊन भांडायला लागला, की माझी फिफ्टी झालेली आणि वहीत एकोणपन्नास कसे. शेवंतीने आवाज चढवला नाही. कुठल्या बॉलरच्या कितव्या बॉलला किती धावा, हे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तो बोटांवर मोजत गेला, एकोणपन्नासला थांबला, डोकं खाजवलं आणि तिच्यासाठी वडापाव घेऊन आला. त्या दिवसापासून ती सगळ्यांची स्कोअररबाई झाली.

बाकी आठवडाभर ती एमआयडीसीतल्या खोक्यांच्या कंपनीत स्टोअर सांभाळते. कॉम्प्युटर ती तिथेच शिकली. क्लास नाही, सर्टिफिकेट नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस काय बटणं दाबतो ते बघून बघून शिकली. एक्सेलमधला व्हीलुकअप तर तिच्या हातातलं बाहुलं. मालाचा नंबर टाकायचा, की तो फॉर्म्युला यादीत खाली उतरतो, नंबर शोधतो आणि माल कुठल्या रॅकवर आहे ते सांगतो. रोज शंभर वेळा. कधी चुकला नाही, त्यामुळे तिचा त्याच्यावर नवऱ्यापेक्षा जास्त भरवसा होता, असं संदेशच म्हणायचा.

यंदाची स्पर्धा करवलपाड्याची. ‘एक गाव एक संघ’. म्हणजे ज्या गावचा त्याच गावाकडून खेळणार, बाहेरचा भाड्याचा खेळाडू चालणार नाही. बत्तीस गावं, पाच दिवस. अध्यक्ष काळुराम भोईर, करवलपाड्याचेच, साठी ओलांडलेले, पांढरे कपडे, आवाज असा की माइक नसला तरी चालावं. त्यांनी ठरवलं की शेवटच्या दिवशी, रविवारी, मोठा एलईडी पडदा लावायचा आणि सामने यूट्यूबवर दाखवायचे. खेळाडू मैदानात आला की पडद्यावर त्याचं कार्ड झळकलं पाहिजे. नाव, गाव, या स्पर्धेत किती सामने, किती धावा, किती विकेट.

पडदेवाला विनीत नावाचा तरुण होता, कल्याणचा. तो म्हणाला, तुम्ही मला एक शीट द्या, नाव टाकलं की बाकीचं आपोआप आलं पाहिजे. शेवंती म्हणाली, एवढंच ना? तीन आठवडे कंपनीतून आल्यावर भाकऱ्या थापायच्या आधी बसून तिने चारशे बहात्तर खेळाडूंचे अर्ज भरले. वरती कंपनीतलाच फॉर्म्युला लावला, फक्त मालाच्या नंबराऐवजी खेळाडूचं नाव. शनिवारी संध्याकाळी विनीतबरोबर बसून करवलपाड्याच्या पंधराही खेळाडूंची कार्डं काढून बघितली. पंधराच्या पंधरा बरोबर. काळुरामदादांनी मंडपात सगळ्यांना पेढे दिले. यजमान म्हणून करवलपाड्याचे अर्ज यादीत सगळ्यात वर होते, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात यायचं काही कारणच नव्हतं.

रविवारी सकाळी पहिली सेमीफायनल, वेळेघर विरुद्ध खाडीवली. मैदानाभोवती चार हजार माणूस. झाडावर पोरं, गच्चीवर बाया, टेम्पोच्या टपावर म्हातारे. खाडीवलीची बॅटिंग. त्यांच्या दोन्ही ओपनरची कार्डं पडद्यावर झोकात आली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग बॉल हातात घेऊन प्रफुल्ल आला.

प्रफुल्ल पंढरी पाटील, वेळेघरचा. एका कंपनीची गाडी चालवतो, बाकी वेळ बॉल टाकतो. अंगाने काटकुळा, चार पावलांचा रनअप, आणि बॉल असा आत शिरतो की बॅट्समनने यष्ट्या मोडलेल्या बघूनच मागे वळावं. एकोणीस हंगाम तो वेळेघरसाठी खेळला होता आणि एकदाही कप उचलला नव्हता. हा आपला शेवटचा हंगाम, हे त्याने आदल्या दिवशी शेवंतीला सहज बोलता बोलता सांगितलं होतं. गुडघा ऐकत नाही म्हणाला.

त्याचं कार्ड झळकलं. प्रफुल्ल पंढरी पाटील. गाव, उंबरघर. सामने दोन, विकेट एक.

उंबरघर? उंबरघर तर दुसऱ्या फेरीतच हरून घरी गेलेलं. मग एका कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, हा दोन गावांकडून खेळतोय. झालं! गवताच्या गंजीला काडी लागावी तशी ती ओळ मैदानभर पसरली. खाडीवलीचा मॅनेजर सुधीर नियमांचा कागद फडकवत मंडपात आला. नियम सातवा: जो खेळाडू दोन गावांकडून खेळेल त्याच्यावर तीन वर्षांची बंदी, आणि त्याचा संघ त्याच क्षणी बाहेर. हा नियम काळुरामदादांनी स्वतः लिहिलेला, एका वर्षी यावरून डोकी फुटली होती म्हणून.

प्रफुल्लने बॉल अंपायरच्या हातात दिला आणि सीमारेषेपाशी जाऊन मातीत बसला. तीन वर्षांची बंदी म्हणजे त्याच्यासाठी कायमचीच, पण त्याचं दुःख निराळं होतं. या भागात माणूस दारू प्यायला, कर्जात बुडाला, बायकोशी भांडला, तरी गाव त्याला पोटात घेतं. पण गाव सोडून दुसऱ्या गावाकडून खेळला म्हटलं की त्याच्या दारात कुणी चहा घेत नाही. आणि हे सगळं चार हजार लोकांपुढे, यूट्यूबवर, बारा फुटी पडद्यावर.

पडद्यावर ती अक्षरं शेवंतीच्या शीटमधून आली होती. एकोणीस हंगाम तिने या माणसाचं नाव वेळेघरच्या पानावर लिहिलं होतं. तो खोटा असूच शकत नाही, म्हणजे खोटी आपली शीट. तिने काळुरामदादांना तसं सरळ सांगून टाकलं. सुधीर म्हणाला, बाई, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. विनीतनेही मान हलवली, फॉर्म्युला तर बरोबर आहे म्हणाला. उंबरघरच्या कप्तानाला फोन लावला, तर तो आणि त्याचा अर्धा संघ कुठल्याशा हळदीत डीजेपुढे नाचत होता. खिशातला फोन थरथरला तरी त्याला तो गाण्याचा बेसच वाटत असणार.

काळुरामदादांनी घड्याळ बघितलं. जेवणाची सुट्टी आत्ताच घेऊ म्हणाले, बिर्याणी तयार आहे. चाळीस मिनिटं. तेवढ्यात शीट चुकली हे दाखव, नाहीतर नियम सातवा.

चाळीस मिनिटं! लोक ताटं घेऊन बसले आणि शेवंती लॅपटॉपपुढे. तिने फॉर्म्युला तपासला, कंस तपासले, सगळं जागच्या जागी. मग तिने जी गोष्ट घाबरल्यावर बावीस वर्षं केली तीच केली. पिशवीतून गेल्या वर्षीची जाड वही काढली, निदान प्रफुल्लचं नाव डोळ्यांनी बघावं म्हणून. सवयीने तिचं बोट वहीच्या कडेला गेलं, जिथे गावांच्या नावांच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. वेळेघरची पट्टी. पान उघडलं. मग पानावर खाली उतरत उतरत प्रफुल्ल.

आणि तिथेच बोट थांबलं.

वहीत ती आधी गाव उघडत होती आणि मग नाव शोधत होती! बावीस वर्षांत एकदाही तिने नुसतं नाव शोधलं नव्हतं. शीटमध्ये मात्र बत्तीस गावं एकाखाली एक, सलग. पानंच नाहीत. फॉर्म्युल्याला तिने सांगितलं होतं काय, तर प्रफुल्ल पंढरी पाटील शोध. तो बिचारा वरून खाली निघाला, पहिला प्रफुल्ल पंढरी पाटील दिसला तिथे बूड टेकून बसला. पुढे कोण आहे ते बघायची तसदी तो घेतच नाही. कंपनीत ते चालतं, कारण तिथे दोन वस्तूंना एक नंबर नसतो. माणसांना कुठे नंबर असतात? माणसांना नावं असतात. आणि या गावांत तर आजोबाचं नाव नातवाला लागतं, काकाचं पुतण्याला लागतं, आडनाव म्हणाल तर चारच, पाटील, भोईर, म्हात्रे, केणे. मैदानात उभं राहून ‘पंढरी पाटील’ अशी हाक मारली तर वीस जण वळून बघतील आणि त्यातले पाच विचारतील, मोठा का धाकटा?

तिने यादीत नाव शोधलं. त्रेसष्टाव्या ओळीत एक प्रफुल्ल पंढरी पाटील, उंबरघर, जन्म १९९९. तीनशे एक्क्याण्णवाव्या ओळीत दुसरा प्रफुल्ल पंढरी पाटील, वेळेघर, जन्म १९८६. माणसं दोन. आयुष्यात एकमेकांचं तोंड बघितलं असेल-नसेल.

तिने काळुरामदादांना आणि सुधीरला बोलावून दोन्ही ओळी दाखवल्या. पण सुधीरही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणाला, दोनदा नाव आहे म्हणजे दोनदा नोंदणी केली, हाच तर पुरावा. शेवंतीने अर्जांच्या गठ्ठ्यातून दोघांचे अर्ज काढून फोटो समोर ठेवले. एक दाढीवाला पोरगा, एक गालफडं बसलेला आपला प्रफुल्ल. सुधीरची बोलती तिथे निम्मी बंद झाली. निम्मी शिल्लक होती. तो म्हणाला, मंडपात चार जणांनी फोटो बघितले त्याने काय होतंय, पडदा तर चार हजारांनी बघितलाय. आज पडदा याचं एक चुकला, तर बाकीच्यांचं बरोबर कशावरून?

रागाने बोलला, पण बोलला खरं. काळुरामदादांनाही ते पटलं.

विनीतने हळूच सुचवलं की काकी, वेळ कशाला घालवता, त्या कार्डावर हाताने वेळेघर टाईप करून टाकू. वीस सेकंदांचं काम. शेवंतीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

“हाताने खोडलेला स्कोअर हा स्कोअर नसतो, विनीत.”

पंचवीस मिनिटं उरली होती. फॉर्म्युल्याला आता नुसतं नाव सांगून भागणार नव्हतं. नाव हेच आणि गावही हेच, अशा दोन अटी घालायला हव्या होत्या. कंपनीत एकदा कुणीतरी करताना तिने बघितलं होतं, तेव्हा ते जादूसारखं वाटलं होतं. आता डोकं शांत ठेवून तिने ते आठवलं. एकेका ओळीला विचारायचं, नाव जुळतं का? जुळलं तर एक, नाही तर शून्य. गाव जुळतं का? एक, नाही तर शून्य. मग दोन्हींचा गुणाकार. दोन्ही एक असतील तरच एक येणार; कुठेही शून्य आला की सगळं शून्य. आणि मग फॉर्म्युल्याला म्हणायचं, जा बाबा, जिथे एक दिसेल तिथेच थांब.

लिहिला, बटण दाबलं. सापडत नाही म्हणाला. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय! कंस मोजले, पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. सुधीर मंडपाच्या खांबाला टेकून दातांत काडी घालत होता. शेवंतीने वेळेघरच्या त्या ओळीवर कर्सर नेऊन ठेवला आणि नीट बघितलं. भाकऱ्यांच्या घाईत भरताना ‘वेळेघर’ या शब्दानंतर एक मोकळी जागा पडली होती. माणसाच्या डोळ्याला ती दिसत नाही, कॉम्प्युटरला तेवढीच दिसते. तिने सगळ्या यादीतल्या शेवटच्या मोकळ्या जागा एका दमात झाडून काढल्या आणि परत दाबलं.

प्रफुल्ल पंढरी पाटील. वेळेघर. सामने तीन, विकेट अकरा.

विनीत खुर्चीतून उठलाच. झालं, झालं म्हणायला लागला. शेवंती म्हणाली, बस खाली, अजून झालं नाही. तिला या गावांचा बावीस वर्षांचा अनुभव होता. एका गावात एका नावाचे दोघं निघाले म्हणजे? आणि निघालेच. एका गावात पंढरी नारायण म्हात्रे दोन, वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा, दोघेही पंधरात. तिने तिसरी अट घातली, जन्मतारीख. नाव, गाव, जन्मतारीख. तिन्ही एक तरच एक. मग तो फॉर्म्युला चारशे बहात्तर ओळींवर खालपर्यंत ओढला. चारशे बहात्तर जणांना आपापली ओळ मिळाली. एकही दुसऱ्याच्या घरात शिरला नाही. शेवंतीला एवढा आनंद झाला की तिने पदराने डोळे पुसले आणि घामच आलाय असं सगळ्यांना दाखवलं.

काळुरामदादांनी तिच्या खांद्यामागून वाकून सगळं बघितलं होतं. ते म्हणाले, वेळेघरवर शिंतोडे उडाले ते धुतले. आता एक कर. ज्या गुन्ह्यावरून हे झालं तो खरोखर कुणी केलाय का, तेही तुझ्या यंत्राला विचार. सगळ्यांचं बघ, कुणाला वगळू नको.

हे तर सोपं होतं. नाव आणि जन्मतारीख या दोन अटींवर प्रत्येक माणूस यादीत किती वेळा आलाय ते मोजायचं. तिने नवा रकाना केला. एक, एक, एक, एक. रकाना भरत गेला, ती खाली सरकत गेली. आणि नवव्या ओळीत न बघितल्यासारखा सोडलेला आकडा तिने परत वर जाऊन बघितला. दोन. तसाच एक दोन दोनशे चौदाव्या ओळीत.

प्रेम दत्तू भोईर, करवलपाडा. प्रेम दत्तू भोईर, नांदुर्की. जन्मतारीख एक, फोटो एक. करवलपाड्याचा ओपनर, दुपारच्या दुसऱ्या सेमीफायनलचा सगळ्यात मोठा भरवसा. आणि काळुरामदादांचा सख्खा पुतण्या.

बुधवारी, पहिल्या दिवशी, तिला कंपनीतून सुट्टी मिळाली नव्हती. वही दुसऱ्याच कुणाकडे होती. नांदुर्की सकाळी सातलाच खेळून हरली होती, तेव्हा मैदानावर कुत्रं नव्हतं, आणि ज्या दोघाचौघांनी प्रेमला ओळखलं त्यांनी ओळखलं नाही असं ठरवलं असणार.

विनीतलाही तो आकडा दिसला. तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. काळुरामदादा तेवढ्यात मागे वळून कुणाशी तरी बोलत होते. एक रकाना. एक बटण दाबलं की गेला असता. कुणी पुन्हा विचारलं नसतं. ही खुर्ची काळुरामदादांनी राखली होती. बाईमाणूस स्कोअरला कशाला, असं दरवर्षी कुणी ना कुणी म्हणायचं आणि दरवर्षी ते त्याला गप्प करायचे. ज्याने खुर्ची दिली त्याच्याच घराचं नाव उघड करायचं? पण समोर सीमारेषेवर प्रफुल्ल अजून मातीत बसला होता, बिर्याणीच्या ताटाला त्याने हात लावला नव्हता, आणि न केलेल्या गुन्ह्यासाठी त्याने चाळीस मिनिटं मान खाली घातली होती. मग केलेल्याला झाकायचं कुठल्या तोंडाने?

तिने लॅपटॉप उचलला आणि काळुरामदादांकडे वळवला. दादांनी चष्मा लावला. नववी ओळ वाचली, दोनशे चौदावी वाचली, चष्मा काढून पुसला आणि परत वाचली. मग त्यांनी प्रेमला बोलावलं. तो नाही म्हणाला नाही. नांदुर्कीच्या मामाला अर्ज भरताना एक गडी कमी पडला होता, मामाने हात धरला, मी नुसती फिल्डिंग केली, असं खाली बघून बोलला. या भागात मामाला नाही म्हणणं सोपं नाही, हे दादांना कळत नव्हतं असं नाही. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, रागावले नाहीत. पण माइक उचलला.

उचलला आणि आधी शेवंतीपुढे धरला. दादा मनातून हलले की त्यांच्या तोंडी गावची बोली यायची.

“वयनी, तुझा तू बोल. माझा मी बोलतो.”

बावीस वर्षांत शेवंतीने माइक हातात घेतला नव्हता. चार हजार माणसं, त्यातली निम्मी हाडं चघळत असलेली. ती उभी राहिली. तिचा आवाज पहिल्या वाक्याला फाटला, दुसऱ्याला सावरला. तिने सांगितलं की पडद्यावर जे आलं ती प्रफुल्ल पाटीलची चूक नव्हती, माझी होती. दोन गावांत दोन प्रफुल्ल पंढरी पाटील आहेत, मी कॉम्प्युटरला नुसतं नाव सांगितलं, गाव सांगितलं नाही. आता नाव, गाव आणि जन्मतारीख, तिन्ही सांगितलंय. चारशे बहात्तर जण तपासलेत. प्रफुल्ल एकाच गावाकडून खेळलाय, वेळेघरकडून, एकोणीस वर्षं. मी त्याची आणि वेळेघरची माफी मागते.

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. लोकांना माइकवरून माफी ऐकायची सवय नव्हती. मग गच्चीवरच्या बायांनी सुरुवात केली आणि मैदान दणाणलं.

तो आवाज ओसरायच्या आत काळुरामदादांनी माइक घेतला. एका दमात बोलले. खरा दोन गावांकडून खेळलेला एक जण सापडलाय. प्रेम दत्तू भोईर, माझा पुतण्या. नियम सातवा मीच लिहिला. त्याला तीन वर्षं बंदी, करवलपाडा स्पर्धेतून बाहेर. त्यांच्या समोरचा संघ थेट फायनलला. मग त्यांनी माइक बंद केला आणि खुर्चीत बसून पाणी मागितलं. यजमानांनी स्वतःच्या मांडवात, स्वतःच्या पैशाने आणलेल्या पडद्याखाली, स्वतःचाच संघ काढला, असं या खाडीकाठी कुणी पाहिलं नव्हतं. टाळी वाजवावी की गप्प बसावं, कळेना. सुधीर, तो दातांत काडी घालणारा सुधीर, पहिला उठला आणि त्याने जाऊन दादांच्या पायाला हात लावला. मग सीमारेषेवर जाऊन त्याने प्रफुल्लला हात देऊन उठवलं.

सामना पुन्हा सुरू झाला. पडद्यावर नवं कार्ड आलं. प्रफुल्ल पंढरी पाटील, वेळेघर, आणि विनीतने उत्साहाच्या भरात जन्मसालही झळकवलं, १९८६. वेळेघरच्या पोरांनी तोंडात बोटं घातली. त्यांना हा गेली पाच वर्षं तेहतीसचाच असल्याचं सांगत होता. सगळं मैदान हसलं, टेम्पोवरच्या म्हाताऱ्यांनी ‘आमच्यात ये’ म्हणून बोलावलं, आणि हसणं थांबायच्या आत तिसऱ्या बॉलला खाडीवलीच्या ओपनरची मधली यष्टी उडाली. त्या ओव्हरमध्ये दोन, पुढच्या स्पेलमध्ये आणखी दोन. शेवंतीचा पेन थांबेना. संध्याकाळी फायनललाही तोच. वेळेघरला शेवटच्या बॉलवर दोन धावा हव्या होत्या आणि आयुष्यात कधी बॅट धड न धरलेल्या प्रफुल्लने तो बॉल डोळे मिटून असा हाणला की खाडीच्या वाऱ्यानेच तो सीमेपार नेला असावा.

बक्षीस समारंभाला मोठे पाहुणे आले होते, हारतुरे तयार होते. काळुरामदादांनी पाहुण्यांचा हार पाहुण्यांना घातला, त्यांना कोपरापासून नमस्कार केला, आणि कप मात्र उचलून शेवंतीच्या हातात दिला. हा आज हिच्या हातून द्यायचा, म्हणाले. संदेश अंपायरचा पांढरा कोट घालून मागे उभा होता, त्याची छाती फुगून बटण तुटायला आलं होतं.

प्रफुल्ल स्टेजवर चढला, गुडघ्यामुळे जरा लंगडतच. कप घेताना त्याचे हात कपावर नव्हते, तिच्या हातांवर होते. खाली वेळेघरचं गाव नाचत होतं, ढोल कानठळ्या बसवत होते, आणि तो तिच्याजवळ वाकून बोलला.

“बाई, तुम्ही माझं गाव मला परत दिलंत.”

शेवंतीला हुंदका आवरेना. कप त्याच्या हातात नीट बसवून ती म्हणाली, “गाव तुझंच होतं रे. मीच ओळ चुकलेले.”